एक चमचा साखर, एक टँकर हवा

चहात घालायची चमचाभर साखर म्हणजे साधारण ५ ग्रॅम. त्यात कार्बन सव्वादोन ग्रॅमच्या आत-बाहेर. उसाच्या मुळाशी आपण शेणखत, युरिया, पोटॅश असं काय काय घालतो, पण या कार्बनचा त्या खताशी संबंध नाही. तो सगळाच्या सगळा हवेतून आलेला असतो. हवेत मात्र कार्बन डायऑक्साइड आहे जेमतेम ०.०४२ टक्के. एक घनमीटर हवा घेतली तर त्यात हा वायू पाऊण ग्रॅम भरतो. चमचाभर साखरेला तो लागतो ७.७ ग्रॅम. म्हणजे १० घनमीटर हवा, म्हणजेच १०,००० लिटर. उन्हाळ्यात गावोगाव पाणी घेऊन फिरणारा मोठा टँकर तेवढाच असतो. तो टँकर हवेनं भरलेला आहे असं समजा आणि त्यातला कार्बन डायऑक्साइडचा शेवटचा रेणूसुद्धा वेचून काढा, तेव्हा एका कपाची साखर होते. दोन चमचे घेणाऱ्यांनी दोन टँकर मोजावेत.

झाड हवेतून बनतं ही गोष्ट माणसाला पटायला वेळ लागला, त्यात आश्चर्य नाही. यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट या फ्लेमिश वैद्यानं २०० पौंड वाळलेली माती कुंडीत घालून ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांवर गेलं. मातीचं वजन घटलं फक्त दोन औंस. १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, हा प्रयोग छापला गेला. माती झाडात जात नाही हे त्यानं बिनतोड दाखवलं आणि मग निष्कर्ष काढला की झाड पाण्यातून बनतं. गंमत अशी की वायूसाठी ‘गॅस’ हा शब्द प्रचारात आणणारा माणूस हाच.

आता चमच्यावरून एकरावर येऊ. कोल्हापूर-सांगलीकडे एकरी ४० टन ऊस हा काही विक्रम नव्हे. स्पर्धेतले शेतकरी शंभर टनांच्या गोष्टी करतात. तर ४० टन. त्यातलं सत्तर टक्के पाणी वजा केलं की १२ टन सुकं वजन उरतं. वाढे आणि पाचट धरून ते १५ टनांपर्यंत जातं. त्यात कार्बन पावणेसात टन. एवढा कार्बन मिळवायला उसानं हवेतून सुमारे २५ टन कार्बन डायऑक्साइड उचललेला असतो. आणि त्या एकराच्या डोक्यावर, बांधापासून बांधापर्यंत, सरळ वर अंतराळ सुरू होईपर्यंतच्या सगळ्या वातावरणात मिळून हा वायू असतो किती? तोही साधारण २५ टनच. म्हणजे एक पीक निघेपर्यंत आपल्या डोक्यावरचं अख्खं आकाश त्या एकरानं रिकामं केलेलं असतं. वारा वाहतो, शेजारच्या रानातली, समुद्रावरची, कुठकुठली हवा येत राहते, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. आणि यात मुळं धरलेली नाहीत. रात्री श्वसनात जाळून टाकलेला हिस्साही नाही.

इतका विरळ कच्चा माल गोळा करायचा तर तोंडं पुष्कळ लागतात. पानावर दर चौरस मिलिमीटरला शे-दोनशे, कधी तीनशे पर्णरंध्रं असतात. ती उघडी असतानाही त्यांच्या फटींचं एकूण क्षेत्रफळ पानाच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. या फटींतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच फटींतून पाण्याची वाफ बाहेर जाते. हा सौदा झाडाला महागात पडतो. गहू, भात, सोयाबीन अशा पिकांत आत आलेल्या एका रेणूमागे पाण्याचे चारशे-पाचशे रेणू उडून जातात. ऊस यात बराच काटकसरी. त्याचं काम दीडशे ते अडीचशेत भागतं. पण तो शेतात उभाच इतके महिने असतो, की त्याचं एकूण पाणी दोन हजार मिलिमीटरच्या घरात जातं. एकराला हे ८० लाख लिटर झालं. साडेदहा टक्के उताऱ्यानं त्या एकरातून ४,२०० किलो साखर निघते, म्हणजे साडेआठ लाख चमचे. भागाकार केला की चमच्यामागे दहा लिटर पाणी येतं. टँकरभर हवा आणि बादलीभर पाणी. हवेचा टँकर फुकट आहे. बादलीचं काय होतं ते मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

माल झाला, आता इंधन. प्रकाश फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या रूपात येतो, आणि इथं आपले रोजचे आकडे अपुरे पडतात. सुदैवानं मराठीत मोठ्या संख्यांची नावं आधीच तयार आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं-दहंपासून सुरू झालेली यादी अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी चढत परार्धाशी थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. व्यवहारात त्याचा कुणाला कधी उपयोग झाला असेल असं वाटत नाही. पण भर दुपारी निरभ्र आकाशाखाली पानाच्या एका चौरस सेंटिमीटरवर, नखाएवढ्या जागेवर, दर सेकंदाला झाडाच्या उपयोगाचे फोटॉन पडतात ते बरोबर एक परार्धाच्या आसपास. साखरेत कार्बनचा एक अणू बसवायला असे किमान आठ, प्रत्यक्षात दहाच्या वर फोटॉन खर्ची पडतात. त्या हिशेबानं आपल्या एका चमच्यात निदान एक कोटी परार्ध फोटॉन मुरलेले आहेत.

त्याच नखाएवढ्या जागेच्या आत हरितलवकांची संख्या पाच कोटींच्या घरात असते आणि त्यांत हरितद्रव्याचे रेणू दोन-तीन मध्य, म्हणजे दोन-तीनावर सोळा शून्यं. वर पडणारे फोटॉन परार्धभर आणि झेलणारे रेणू त्याच्या पाव हिस्सा. तरी एकेका रेणूच्या वाट्याला भर उन्हातसुद्धा सेकंदाला फार तर दहाच फोटॉन येतात. एवढ्यावर महागडी यंत्रणा चालवणं परवडत नाही. म्हणून दोन-अडीचशे हरितद्रव्य रेणू मिळून एकाच केंद्रासाठी प्रकाश गोळा करतात. फोटॉन कुणावरही पडो, त्याची ऊर्जा एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत केंद्राकडे जाते. एकेक उडी सेकंदाच्या एक महापद्मांश भागापेक्षाही कमी वेळात होते. एकावर बारा शून्यं असलेल्या त्या महापद्मांशाला पिकोसेकंद म्हणतात. केंद्रात ऊर्जा पोचली की तिथला इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून उडतो. त्याला लागतात साधारण तीन पिकोसेकंद.

उडालेल्या इलेक्ट्रॉनची रिकामी जागा भरायला झाड पाणी फोडतं. पाण्याचा रेणू सहजासहजी फुटणाऱ्यांतला नव्हे. पान हे काम सकाळच्या कोवळ्या उन्हात, नेहमीच्या तापमानाला करतं, तेही मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच यांच्या एका वेड्यावाकड्या पुंजक्याच्या जोरावर. चार फोटॉन लागोपाठ यावे लागतात. प्रत्येकाबरोबर पुंजका एक पायरी चढतो आणि चौथ्याला पाण्याचे दोन रेणू फुटून ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडतो. या पुंजक्यातला अणू अन् अणू कुठं बसलाय हे जपानी शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं. आपण आत्ता घेतलेल्या श्वासातला ऑक्सिजन अशाच एखाद्या पुंजक्यातून बाहेर पडलेला आहे; हवेतल्या ऑक्सिजनला सांगण्यासारखा दुसरा उगम नाही. हे काम जोखमीचं असतं. पुंजक्याला धरून ठेवणारं डी१ नावाचं प्रथिन भर उन्हात इतकं होरपळतं, की पानाला ते साधारण दर अर्ध्या तासानं काढून नवं बसवावं लागतं. दिवसभर.

इथपर्यंतचा वेग पाहून वाटावं, की साखर आता धो धो पडणार. पण पुढच्या टेबलावर रुबिस्को बसलेला असतो.

रुबिस्को हे एन्झाइम कार्बन डायऑक्साइडचा रेणू पकडून सेंद्रिय रेणूला जोडतं. जीवसृष्टीतला जवळजवळ सगळा कार्बन याच्या हातून आत आला आहे. आणि याचा वेग सेकंदाला तीन ते दहा रेणू! आपल्या रक्तातलं कार्बनिक अनहायड्रेज हे एन्झाइम सेकंदाला दहा लाखांच्या पातळीवर काम करतं. रुबिस्कोचा वेग त्या तीन पिकोसेकंदांशी ताडून पाहा. इलेक्ट्रॉन उडायला लागणारा वेळ ताणून एक सेकंदाचा केला, तर रुबिस्कोच्या एका खेपेला हजार वर्षांहून जास्त लागतील. एकाच पानात, एकाच हरितलवकात, काही सहस्रांश मिलिमीटरच्या अंतरावर या दोन गोष्टी शेजारी शेजारी चालू असतात.

शिवाय तो चुकतो. चार-पाच खेपांत एकदा कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडून बसतो आणि ती चूक निस्तरण्यात आधी कमावलेला कार्बन परत हवेत जातो. उष्णता वाढली की चुका वाढतात. पुस्तकांतून रुबिस्कोची याबद्दल बरीच नालस्ती केलेली आढळते. मला ती थोडी अन्यायाची वाटते. हे एन्झाइम घडलं तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच. तो साचायला लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि तोही याच धंद्यातून बाहेर पडून. आज हवेत कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे पाचशे आहेत आणि दोघं दिसायला फारसे वेगळे नाहीत. या गर्दीत पाचांत चार वेळा बरोबर माणूस ओळखणं ही वाईट कामगिरी म्हणता येणार नाही.

वेग नाही, तर संख्या वाढवायची, हा झाडांनी काढलेला तोडगा. गहू-भातासारख्या पिकांच्या पानातल्या विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत हिस्सा एकट्या रुबिस्कोचा असतो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले यिनॉन बार-ऑन आणि रॉन मिलो यांनी २०१९ साली जगातल्या सगळ्या रुबिस्कोचं वजन काढलं. ते भरलं ७० कोटी टन. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे पंच्याऐंशी-नव्वद किलो रुबिस्को आहे. म्हणजे बहुतेकांच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त.

उसानं यावर आणखी एक शक्कल लढवली. उसाचं पान उन्हाकडे धरून पाहिलं की लांबीच्या दिशेनं गेलेल्या शिरा फार दाटीनं दिसतात. (काठानं हात कापून घेतल्याशिवाय पाहावं, फडात एकदा शिरलेल्याला हे सांगावं लागत नाही.) सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद ठेवला तर दोन शिरांच्या मध्ये पेशींच्या जेमतेम दोन-तीन रांगा असतात आणि प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गर्द हिरव्या पेशींचं कडं. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनच्या आम्लात बांधतात, ते आम्ल कड्यातल्या पेशींत नेतात आणि तिथं सोडतात. रुबिस्को बसलेला असतो त्या आतल्या कड्यात. तिथं कार्बन डायऑक्साइड दहापट दाट होतो आणि चूक करायला वावच उरत नाही. हा सगळा प्रकार उघडकीला आला तो उसामुळेच. मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलेत किरणोत्सारी कार्बन वापरून एकपेशीय शैवालात पाहिलं होतं, की पहिल्या काही सेकंदांत तीन कार्बनचा पदार्थ तयार होतो. कॅल्विनना १९६१ सालचं नोबेल त्यावर मिळालं. हवाईतल्या ऊस संशोधकांना मात्र आपल्या पानांत आधी चार कार्बनचे पदार्थ दिसत होते. ब्रिस्बेनमध्ये एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी १९६६ साली त्याचा उलगडा केला. ज्वारी, बाजरी, मका ही सगळी याच वाटेची. वनस्पतींच्या एकूण जातींत यांचा वाटा तीन टक्के, जमिनीवरच्या प्रकाशसंश्लेषणात मात्र जवळजवळ चौथा हिस्सा.

तरीही शेवटी पदरात किती पडतं? महाराष्ट्रातल्या एका एकरावर वर्षाला जेवढी सौरऊर्जा पडते, तिच्या साधारण एक टक्का त्या १५ टन सुक्या मालात सापडते. निम्मा सूर्यप्रकाश झाडाच्या कामाच्या तरंगलांबीचाच नसतो. जो असतो त्यातला काही परतून जातो, काही आरपार. भर दुपारी तर सामान्य पान झेललेल्या प्रकाशातला निम्म्याहून जास्त भाग मुद्दाम उष्णता करून फेकून देतं, कारण मागं रुबिस्कोची रांग तुंबलेली असते आणि जादा ऊर्जा ठेवून घेतली तर पान जळेल. ढगाची सावली आली तरी ही फेकाफेक लगेच थांबत नाही, त्यात काही मिनिटं वाया जातात. इलिनॉय आणि बर्कलेच्या संशोधकांनी २०१६ साली तंबाखूत जनुकं बदलून एवढी एकच दिरंगाई कमी केली, तर रोपांचं वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं. कागदावरची कमाल मर्यादा उसासारख्या पिकाला सहा टक्के आहे आणि गहू-भाताला ४.६. छतावरचं सोलर पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढं आहे, हे खरं. पण पॅनेल तोडलं तर त्याला खोडवा येत नाही.

आता सगळी पृथ्वी घेऊ. सूर्याकडून पृथ्वीला सतत मिळणारी ऊर्जा आहे १.७ परार्ध वॅट. (पुन्हा परार्ध. निव्वळ योगायोग, पण लीलावतीकारांना आवडला असता.) त्यातली दहा हजारांत सात-आठ भाग एवढीच प्रकाशसंश्लेषणातून जीवसृष्टीत साठते. ऐकायला क्षुल्लक. पण जगातल्या सगळ्या वीजकेंद्रांची, गाड्यांची, कारखान्यांची, चुलींची मिळून जी गरज आहे तिच्या सहापट ही ऊर्जा आहे. कार्बनमध्ये सांगायचं तर वर्षाला शंभर अब्ज टनांहून जास्त. माणूस कोळसा-तेल जाळून हवेत सोडतो तो कार्बन दहा अब्ज टनांच्या आसपास.

यातला जवळजवळ निम्मा वाटा समुद्राचा आहे. आणि समुद्रातल्या सगळ्या हिरव्या जीवांचं वजन, कार्बनमध्ये मोजलं तर, एक अब्ज टन! जमिनीवरच्या वनस्पतींचं ४५० अब्ज. जमिनीवरचा कार्बन लाकडात अडकून वर्षानुवर्षं उभा राहतो. समुद्रातली हिरवळ मात्र आठवड्याभरात स्वतःच्या वजनाइतकी वाढते आणि तेवढीच खाल्ली जाते. यांतला सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त संख्येनं असलेला जीव म्हणजे प्रोक्लोरोकॉकस. एका मिलिमीटरमध्ये ओळीनं दीड हजारावर बसतील एवढा. पाण्याच्या थेंबात काही हजार सापडतात. उष्ण कटिबंधातल्या खुल्या समुद्रात, आपल्या अरबी समुद्रातही, तो आहे. एकूण संख्या तीन हजार कोटी परार्ध. असं असून १९८८ सालापर्यंत तो कुठल्याही पुस्तकात नव्हता. अमेरिकेतल्या सॅली चिझम आणि रॉबर्ट ओल्सन यांच्या गटानं पेशी मोजायचं यंत्र बोटीवर नेलं तेव्हा तो पहिल्यांदा दिसला. इतक्या बहुसंख्येनं असलेला जीव इतकी वर्षं नजरेतून सुटावा, हे मला वरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त अचाट वाटतं.

‘ॲमेझॉनचं जंगल जगाला वीस टक्के ऑक्सिजन पुरवतं’ हे वाक्य दर पर्यावरण दिनाला फिरतं. ते खरं नाही. जंगल जेवढा ऑक्सिजन सोडतं जवळपास तेवढाच तिथली झाडं, किडे, बुरशी श्वसनात वापरून टाकतात. हवेतला ऑक्सिजन आहे १२ लाख अब्ज टन. पृथ्वीवरचा एकूण एक सजीव, झाडं, जनावरं, जंतू धरून, आज जाळून टाकला तरी ऑक्सिजन २०.९५ टक्क्यांवरून २०.९२ वर येईल. जंगल वाचवायला शंभर चांगली कारणं आहेत, त्यांत हे नको.

मग एवढा ऑक्सिजन साचला कुठून? फारच थोडा, नगण्य म्हणावा इतका कार्बन कुजण्या-खाण्यातून वाचून चिखलात गाडला जातो. जेवढा कार्बन गाडला गेला, तेवढा त्याच्या वाटचा ऑक्सिजन हवेत शिल्लक राहिला. अब्जावधी वर्षांची ही थेंबाथेंबाची शिल्लक. त्या गाडलेल्यातलाही किंचित भाग योग्य खोलीवर, योग्य उष्णतेत पोचून खनिज तेल झाला. ही गळती किती मोठी आहे त्याचा हिशेब जेफ्री ड्यूक्स यांनी २००३ साली मांडला. एक अमेरिकन गॅलन पेट्रोलसाठी त्या काळच्या समुद्री शैवालासारखं ८९ टन सेंद्रिय द्रव्य लागलं. लिटरला साडेतेवीस टन.

आपल्या एकरातल्या उसाचा रस थेट आसवनीत नेला तर टनाला ७० लिटर या दरानं २,८०० लिटर इथेनॉल मिळतं. त्यात पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, आणि चमच्यामागची ती बादली इथंही मोजावी लागतेच. पण तोच एकर निसर्गाच्या जुन्या रीतीनं समुद्रतळाशी गाडून पेट्रोल करायचं म्हटलं, तर १५ टनांतून पाऊण लिटरही हाती येणार नाही. स्कूटरची पाच लिटरची टाकी भरायला आठ एकर ऊस लागेल, वाढे आणि पाचटासकट, आणि वर काही कोटी वर्षं.